बर्फाखालचे डोळे: भर हिवाळ्यात वसंत कसा हुडकावा

बाहेर गुडघाभर बर्फ, झाडं खराट्यासारखी उभी आणि टेबलावरच्या वहीचं पान अंगणाइतकंच कोरं. बर्फाच्या मुलखात नव्याने राहायला आलेल्या आणि चित्र, लेखन, विणकाम असं काहीतरी करू पाहणाऱ्यांची जानेवारीतली ही नेहमीची रड. वसंत आला की सुचेल म्हणून तीन महिने हातावर हात ठेवून बसलं, तर वसंत वेळेवर येतो, पण तोवर हात आखडून गेलेला असतो.

एप्रिलमध्ये उमलणारी कळी झाडाने मागच्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवलेली असते. खवल्यांच्या आत घडी घातलेली पानं, काही झाडांत अख्खा फुलोरा, सगळं जागच्या जागी असतं. बागकामात या मिटलेल्या कळीला आपण ‘डोळा’ म्हणतो आणि ती उघडली की ‘डोळा फुटला’ म्हणतो. हे मिटलेले डोळे बघायला शिकायचं आणि जे दिसेल ते थोडं थोडं कागदावर, सुईवर किंवा कॅमेऱ्यात उतरवायचं, एवढंच हिवाळ्याचं काम. पुढचा क्रम साधारण आठ ते दहा आठवड्यांचा आहे. महिने उत्तर गोलार्धाचे धरलेत. दक्षिणेत असाल तर सहा महिने पुढे सरकवा आणि जिथे ‘दक्षिण’ लिहिलंय तिथे ‘उत्तर’ वाचा.

पायरी १: वाट ठरवा, आणि मग बदलू नका

वीस-पंचवीस मिनिटांत पायी फिरून परत येता येईल अशी एकच वाट निवडा. तिच्यावर तीन गोष्टी असाव्यात: हाताला लागेल एवढ्या उंचीवर फांद्या असलेलं पानगळीचं झाड, दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत किंवा उतार, आणि कुठलंही पाणी. ओढा असला तर उत्तम, नसला तर वितळलेलं पाणी वाहून नेणारं रस्त्याकडेचं गटारही चालतं. दक्षिणेची भिंत अशासाठी, की हिवाळ्यात सूर्य त्या बाजूने आणि खालून जातो. भिंतीला तिरपं ऊन थेट मिळतं, तिची ऊब पायथ्याशी उतरते आणि तिथली माती आधी उघडी पडते. त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूला तेव्हा बर्फ तसाच कडक असतो. ऋतू रस्ता ओलांडतो कसा, हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आठवड्यातून तीनदा जा. नवखी माणसं हमखास इथे चुकतात. दर वेळी नवी, अधिक देखणी जागा शोधतात. फोटो भरपूर जमतात, सुचत मात्र काही नाही. बदल दिसायला कालचं रूप आठवावं लागतं आणि ते एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय आठवत नाही.

झाडावरची एक डहाळी कायमची निवडा. तिला लाल किंवा पिवळ्या लोकरीचा धागा सैल बांधा. बर्फ साचला की सगळ्या डहाळ्या सारख्याच दिसतात, म्हणून रंग भडक हवा.

पायरी २: खिशातलं सामान

हे थोडंच असावं, कारण गारठलेली बोटं फार वस्तू हाताळत नाहीत.

- २बी पेन्सिल, शक्यतो दोन. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते आणि पेन मधेच लिहायचं थांबतं. ग्रॅफाइटला थंडीचं काही वाटत नाही.
- तळहाताएवढी, जाड पुठ्ठ्याची वही आणि पानं धरून ठेवायला एक चिमटा.
- १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, दोरीने गळ्यात अडकवलेलं. हे बर्फात पडलं तर सापडत नाही.
- १५ सेंटीमीटरची पट्टी.
- तळहाताएवढा काळ्या फेल्टचा किंवा मखमलीचा तुकडा.

हातमोजे दुहेरी घाला: आत बोटं उघडी असलेले पातळ, वर बोटं एकत्र राहणारे जाड. चित्र काढताना फक्त वरचे उतरवायचे. बोटाचं टोक पांढरं, बधिर पडलं तर वही बंद करून हात काखेत घाला. चोळू मात्र नका, त्याने कातडीला इजा होते. लख्ख उन्हात गडद चष्मा हवाच. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, अतिनील किरणांसकट. गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवायचा नाही आणि बर्फाने वाकलेल्या फांदीखाली उभं राहायचं नाही. हे दोन नियम नवख्यांनी न वाद घालता पाळावेत.

फोनने फोटो काढणार असाल तर तो आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि ४० टक्के दाखवणारा फोन एकदम बंद पडतो. घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, तासाभराने उघडा. नाहीतर घरातली दमट हवा थंड काचेवर पाणी धरते, आणि ते भिंगाच्या आतही शिरू शकतं.

पायरी ३: पहिला आठवडा बर्फाचाच

वसंत शोधण्याआधी बर्फ नीट बघा. तो पांढरा आहे असं मेंदू सांगत राहतो, म्हणून डोळा बघायचं सोडून देतो. हे मोडायला सोपा उपाय: पांढऱ्या कागदाचा तुकडा हातात धरून तो बर्फाशेजारी आणा. उन्हातला बर्फ कागदाहून पिवळसर निघेल, सावलीतला निळा. उन्हाने उजळलेल्या भागाला सूर्याचा थेट प्रकाश मिळतो. सावलीला फक्त आकाशाचा, आणि आकाश निळं असतं. ढगाळ दिवशी हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून रंगांचा अभ्यास निरभ्र दिवशी करायचा. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी तीननंतर सावल्या लांब असतात.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८६८-६९च्या हिवाळ्यात कुंपणाच्या फाटकावर बसलेल्या एका मॅग्पाय पक्ष्याचं चित्र काढलं. बर्फावरच्या कुंपणाच्या सावल्या त्याने काळ्या-करड्या न करता निळ्या-जांभळ्या केल्या. आज हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते बघून निळा रंग भसाभस फासू नका. आधी कागदाचा तुकडा घेऊन बाहेर जा आणि तुमच्या समोरची सावली किती निळी आहे ते ठरवा.

जलरंगाने रंगवणार असाल तर पांढरा रंग विकत घ्यायची गरज नाही, कागद कोरा ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग घेतले तरी सावलीचा निळा, ओल्या खोडाचा तपकिरी आणि मधले सगळे करडे त्यांतून निघतात. शून्याखाली ब्रशचं पाणी कागदावरच गोठतं. ४० टक्के अल्कोहोल असलेलं मद्य आणि पाणी समसमान घेतलं तर ते मिश्रण साधारण उणे ९ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याने रंग थोडा फिसकटतो आणि ब्रशचं टोक ओठांत धरायची सवय सोडावी लागते. खरं सांगायचं तर नवख्याने बाहेर पेन्सिलीने काढावं, रंगांची नावं शब्दांत लिहावीत आणि रंगकाम घरी करावं. बाहेर रंगवण्याचा थाट छान दिसतो, पण पंधरा मिनिटांत संपतो.

फोटोत बर्फ मळकट करडा येतो ही सगळ्यांची तक्रार. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. सगळीकडे पांढरं दिसलं की उजेड जास्त झाला असं समजून फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर +१ ते +२ करा. फोनवर बर्फावर बोट ठेवून सूर्याची खूण वर सरकवली की तेच होतं. फार वर नेलंत तर बर्फाचा पोत पुसला जाईल, म्हणून आधी +१ वर एक फोटो काढून बघा.

बर्फ पडत असताना तो काळा फेल्ट कामाला येतो. फेल्ट अर्धा तास बाहेर ठेवून गार करा, मग त्यावर चार-दोन कण झेला आणि भिंगातून बघा. श्वास बाजूला सोडा, नाहीतर कण क्षणात थेंब होतो. उणे १५ अंशांच्या आसपास फांद्या फुटलेले, नक्षीदार सहा टोकांचे तारे मिळतात. उणे ५च्या आसपास सुया आणि पोकळ खांब. शून्याच्या जवळ साध्या चकत्या आणि चिकटून झालेले पुंजके. नुसते पुंजकेच दिसले तर दोष तुमचा नसतो, हवा उबदार असते. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक काढले. भरतकाम, कागदकाम किंवा ठसे करणाऱ्यांनी तारा घाईने पूर्ण काढू नये. एकच भुजा नीट काढून ६० अंशांच्या कोनात पाच वेळा फिरवली की नक्षी तयार. आठ टोकांचे हिमकण फक्त शुभेच्छापत्रांवर पडतात.

पायरी ४: डहाळी वाचा

हा या सगळ्याचा गाभा आहे, त्यामुळे इथे दोन आठवडे रेंगाळायला हरकत नाही. धागा बांधलेल्या डहाळीपाशी जा आणि टोकापासून मागे वाचत या.

टोकाला एक मोठा डोळा असतो. त्याच्या मागे बाजूचे डोळे. ते समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक, हे आधी लिहा. मेपल, ॲश आणि हॉर्स चेस्टनटमध्ये जोडीने असतात. बीच, बर्च, ओक, चेरी, विलो यांच्यात एकाआड एक. एवढ्या एका खुणेने अर्धी झाडं बाजूला पडतात. मग डोळ्याचं रूप. बीचचा लांब, टोकदार, दोनेक सेंटीमीटरचा, तांबूस. युरोपातल्या ॲशचा काजळासारखा काळा. विलोचा एकाच खवल्याची टोपी घातलेला. हॉर्स चेस्टनटचा मोठा, लालसर तपकिरी आणि राळेने चिकट. उन्हात तो वार्निश लावल्यासारखा चमकतो आणि बोटाला चिकटतो.

प्रत्येक बाजूच्या डोळ्याखाली एक वण असतो. मागच्या शरदात तिथून पान गळलं, त्याची ती जागा. हॉर्स चेस्टनटवर हा वण थेट घोड्याच्या नालेसारखा दिसतो, आणि नालेत खिळे ठोकल्यासारखे ठिपकेही असतात. पानाला पाणी नेणाऱ्या नळ्या त्या ठिकाणी तुटलेल्या असतात. भिंग लावून ठिपके मोजा. बहुतेक वेळा पाच किंवा सात भरतील.

आता डहाळीवर मागे सरकत जा. काही सेंटीमीटरवर डहाळीभोवती बारीक वळ्यांचा एक पट्टा येतो, बोटात अंगठी रुतून गेल्यासारखा. मागच्या वसंतात टोकाचा डोळा उघडला तेव्हा त्याचे खवले जिथून गळले, तिथली ही खूण. टोकापासून या वळ्यांपर्यंतचं अंतर म्हणजे गेल्या वर्षाची वाढ. आणखी मागे दुसऱ्या वळ्या, म्हणजे त्याच्या आदलं वर्ष. पट्टी लावा. एखाद्या वर्षी १८ सेंटीमीटर, एखाद्या वर्षी जेमतेम ३. पाच वर्षांचे आकडे लिहून घेतलेत की हातात एक लय येते: लांब, लांब, आखूड, लांब, अगदी आखूड. विणणाऱ्याला ही पट्ट्यांची रुंदी झाली, लिहिणाऱ्याला ओळींची लांबी, वाजवणाऱ्याला ठोक्यांमधलं अंतर. सुचत नाही म्हणणाऱ्यांना झाडाने आयती दिलेली ही मापं आहेत.

चित्र असं काढा. १० मिलिमीटरचा डोळा कागदावर ५ सेंटीमीटर घ्या, म्हणजे पाचपट. आधी फक्त बाहेरची रेषा, मग खालून वर खवल्यांच्या कडा मोजून, मग वण, शेवटी छटा. पंधरा मिनिटांवर जाऊ नका. बाजूला तारीख, वेळ, तापमान आणि तीन रंगांची नावं लिहा. ‘तपकिरी’ चालणार नाही. चिंचेचा, खारकेचा, गंजाचा, जुन्या पितळेचा असं लिहा. पुन्हा पुन्हा होणारी गफलत म्हणजे डोळा पाठ झाल्यासारखा, थेंबाच्या आकाराचा काढणं. तसं होत असेल तर कागदाकडे न बघता, नजर डोळ्याच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवत रेषा ओढा. चित्र वेडंवाकडं येईल, पण त्यात बघितलेलं असेल.

वाऱ्याने पडलेली एखादी डहाळी मिळाली तर घरी आणा, टोकाचा जाडसर डोळा ब्लेडने उभा चिरा आणि भिंगाखाली धरा. हॉर्स चेस्टनटच्या डोळ्यात पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली, बोटं मिटलेल्या पंजासारखी पानं दिसतील. नशीब असेल तर मधोमध फुलोऱ्याचा तुरा, एकेका कळीसकट, मोहरीहून बारीक दाण्यांचा. ब्लेड जुनं असेल तर आतलं सगळं चेंदून जातं, म्हणून नवं वापरा आणि एकाच झटक्यात चिरा.

पायरी ५: बाकीच्या खुणा, सापडतील तशा

या ठरावीक क्रमाने येत नाहीत, तेव्हा नजर उघडी ठेवायची आणि दिसली की तारीख टाकायची.

खोडाभोवतीचे खळगे बघा. काळपट साल ऊन शोषून तापते आणि बुंध्याभोवती बर्फ गोल वितळतो, दक्षिणेला अधिक. दर आठवड्याला खळग्याची रुंदी मोजा. हेझलच्या झुडपावर आखडलेले, ताठ लोंबे महिनोन्महिने नुसते लटकत असतात. थंडी जरा सैल झाली की ते लांबतात, पिवळे होतात आणि फांदीला टिचकी मारली की परागाचा धूर उडतो. तेव्हा त्याच फांदीवर मादीफूल शोधा. साध्याशा दिसणाऱ्या कळीच्या टोकातून बाहेर आलेले दोन-तीन मिलिमीटरचे गडद लाल धागे, एवढंच ते असतं. दहापैकी नऊ जण त्याच्यासमोरून निघून जातात. विलोच्या कोवळ्या फांद्या दुरून पिवळ्या-केशरी दिसतात, लाल डॉगवुडच्या कोवळ्या काड्या बर्फावर रक्तासारख्या उठतात. रंगपट्टीसाठी ही दोन झाडं सोडू नका.

कान उघडे ठेवा. कडक थंडीत बर्फ पायाखाली करकरतो. शून्याजवळ आला की मुकाट दबतो. सुतारपक्ष्यांचं खोडावर ढोल बडवणं आणि रामगंगा कुळातल्या छोट्या पक्ष्यांचं गाणं जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतं, कारण ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतात, ऊब येण्याची वाट बघत नाहीत. ५० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. जानेवारीअखेर तो सव्वानऊच्या आसपास जातो, फेब्रुवारीअखेर अकराच्या जवळ. थर्मामीटर खाली जात असताना उजेड वाढत असतो, आणि पक्षी उजेडाचं ऐकतात.

उघड्या मातीत स्नोड्रॉपची पानं आधी वर येतात. त्यांचं टोक कठीण असतं, त्यामुळे गोठलेली कवची फोडून निघतात. रात्रीच्या कडाक्याने झाड आडवं पडलं तर मेलं म्हणून उपटू नका. ऊन आलं की पुन्हा उभं राहतं.

नोंदी ठेवणं हे रिकामटेकडं काम वाटत असेल तर रॉबर्ट मार्शमची आठवण ठेवा. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या या जमीनदाराने १७३६ साली पहिलं फूल, पहिलं पान, पक्ष्यांचं येणं अशा वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. त्याच्यानंतर घराण्याने त्या १९५८पर्यंत चालू ठेवल्या. हवामान बदलाचे अभ्यासक आज त्याच वह्या उघडतात.

पायरी ६: फांदी घरात आणून फुलवा

बाहेरून कापलेली डहाळी पाण्यात ठेवून वेळेआधी फुलवता येते. मात्र झाडाची थंडीची गरज भागल्याशिवाय नाही. पानगळीची झाडं साधारण ० ते ७ अंशांच्या थंडीचे तास जणू मोजत असतात. कोटा पुरा होईस्तोवर कितीही ऊब दिली तरी डोळा हलत नाही. डिसेंबरात कापलेल्या फांद्या फुलत नाहीत त्या यामुळेच. सहा ते आठ आठवडे चांगली थंडी पडून गेल्यावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी जानेवारीअखेरनंतर, हे करा.

फांदी निवडताना जाड, गोलसर डोळे बघा, ते फुलांचे. निमुळते, अंगाला चिकटलेले असतील ते पानांचे. शंका असेल तर एक चिरून बघा. तापमान शून्याच्या वर असेल अशा दिवशी, ४५ ते ६० सेंटीमीटर लांबीच्या चार-पाच फांद्या धारदार हातकात्रीने डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापा. झाड स्वतःचं असावं किंवा मालकाला विचारलेलं असावं. सार्वजनिक बागेतलं कापायचं नाही. एकाच बाजूने ओरबाडू नका, दाटी झालेल्या भागातून विरळणी करा.

घरी आल्यावर खालची टोकं पुन्हा कापा आणि बुंध्याकडून दोन-तीन सेंटीमीटर उभी चीर द्या, म्हणजे पाणी चढायला जागा मिळते. हातोडीने टोक ठेचायचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नका. ठेचलेलं लाकूड कुजतं आणि पाण्यात जिवाणू माजतात. अख्ख्या फांद्या रात्रभर कोमट पाण्यात आडव्या बुडवून ठेवा, त्याने खवले मऊ होतात. दुसऱ्या दिवशी उंच भांड्यात उभ्या करा. पाण्याखाली जाणारे डोळे खुडून टाका. खोली १५ ते १८ अंशांची, उजेड भरपूर पण थेट ऊन नको. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि रोज एकदा फवारा मारा.

फोर्सिथिया एक ते तीन आठवड्यांत फुलतो, मऊ लोंब्यांचा विलो साधारण तितकाच वेळ घेतो. चेरीला दोन ते चार, सफरचंदाला त्याहून थोडे जास्त. बाहेरच्या फुलण्याच्या जितकं जवळ कापाल तितकं लवकर. विलोचे लोंबे रुपेरी असतानाच पाणी ओतून टाकलंत तर ते तसेच वाळून वर्षभर राहतात. पाण्यात ठेवलेत तर पिवळे होऊन पराग सांडतात आणि फांदीला मुळं फुटतात.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. डोळे फुगून वाळून गळाले तर हवा कोरडी आहे, भांडं हीटरपासून दूर न्या. फुलं आली पण फिकट आणि क्षणभंगुर, तर खोली गरम होती. काहीच हललं नाही आणि चिरल्यावर आत तपकिरी निघालं, तर कडाक्याने फुलडोळे बाहेरच मेले होते. आत हिरवं असेल तर अजून आठवडाभर थांबा.

फांदी भांड्यात असेपर्यंत तिचं रोज एक चित्र, एकाच पानावर, शेजारी शेजारी. चौदा दिवसांची चौदा छोटी चित्रं. बाहेर ज्याला दोन महिने लागतात ते टेबलावर पंधरवड्यात घडतं.

कंदांचं थोडक्यात. पेपरव्हाइट नार्सिससला थंडी लागत नाही. खड्यांवर ठेवून कंदाच्या तळाला जेमतेम लागेल इतकं पाणी द्या, तीन ते पाच आठवड्यांत फुलतो. पाणी वर चढलं तर कंद सडतो. हायसिंथला आधी दहा ते चौदा आठवडे थंडी हवी, म्हणजे तयारी शरदातच. फ्रिजमध्ये ठेवलेत तर सफरचंदांपासून लांब; पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतलं फूल मारतो. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, नाहीतर खाज सुटते. हे सगळे कंद विषारी आहेत, पोरंबाळं आणि मांजर-कुत्री यांच्यापासून लांब ठेवा.

पायरी ७: टिपणांतून काम

आतापर्यंत वहीत कच्चा माल साठला. त्याचं काही करायला हे तीन मार्ग बरे पडतात.

पहिला, पाच दिवसांचे ऋतू. चीनच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ बारीक ऋतू केलेले आहेत, प्रत्येकी साधारण पाच दिवसांचे. जपानमध्ये १६८५ साली शिबुकावा शुनकाई याने ते तिथल्या हवेला धरून बदलले. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या ऋतूचं नाव साधारण असं: पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो. तुम्ही तुमच्या वाटेचे करा. दर पाच दिवसांनी नोंदी वाचा आणि एका नावात बसवा: ‘गटार रात्रीही वाहतं’, ‘भिंतीशी हिरवा ठिपका’, ‘सुतारपक्षी परत गोठला’. नावात क्रियापद असावं आणि ते फक्त त्याच पाच दिवसांना लागू पडावं. ‘बर्फाची शुभ्र चादर’ अजिबात नको; ती चादर इतक्या जणांनी पांघरली आहे की आता तिच्यातून वारा लागतो.

दुसरा, रंगपट्टी. दर फेरीला एक प्रबळ रंग निवडा, २ सेंटीमीटरच्या चौकोनात भरा, खाली तारीख. पंचवीस-तीस चौकोन झाले की सुरुवातीचे करडे-निळे आणि शेवटचे पिवळट-हिरवे समोरासमोर येतात. तीच पट्टी पुढे गोधडीला, विणकामाला, पोस्टरला घ्या.

तिसरा, विणणाऱ्यांसाठी. रोज एक ओळ, रंग तापमानावरून. उणे १५च्या खाली एक रंग, मग दर ५ अंशांना एक. हिवाळ्यापुरते सहा-सात रंग पुरतात. पट्टे आधी ठरवा आणि मागाहून बदलू नका. लोकर घेताना मधल्या तापमानाच्या रंगांची जास्त घ्या, कारण टोकाचे दिवस थोडेच येतात. नवखे सगळ्या रंगांचे सारखे गुंडे घेतात आणि फेब्रुवारीत उणे पाचचा रंग संपतो.

बर्फाचं वादळ आलं आणि बाहेर पाऊल टाकता येईना, तर खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने १० सेंटीमीटरची चौकट करा आणि त्या चौकटीतून दर तासाला दिसेल तेवढंच लिहा किंवा काढा. तीन दिवस काहीच बदललं नाही असं वाटलं तर पट्टी आणि आकडे काढा: खळगा किती रुंद झाला, डोळा किती मिलिमीटरचा आहे, सूर्य कितीला मावळला. डोळ्यांना न दिसलेला बदल बहुधा मिलिमीटरमध्ये सापडतो.

मार्चअखेरपासून धागा बांधलेल्या डहाळीकडे रोज जा. खवले आधी सैल होतात, मग त्यांच्या फटीत फिकट हिरवी रेघ दिसते. त्यानंतर उबदार दिवस लागले तर दोन-चार दिवसांत पान बाहेर येतं आणि नेमके तेच दिवस चुकतात. उलगडलेल्या पानाचं चित्र जानेवारीतल्या पहिल्या डोळ्याशेजारी, त्याच पानावर काढा. त्यासाठी पहिल्याच दिवशी अर्धं पान मोकळं सोडलेलं असावं. मग लोकरीचा धागा सोडून घ्या. डहाळी आता जाड होऊ लागते आणि विसरलेला धागा सालीत रुततो.